चटणी कांडप : तिखट एक नंबर, रांग नको रे बाबा

यंदा वर्षाची चटणी, म्हणजे मिरचीचा लाल तिखट मसाला, कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या एका कांडपवाल्याकडनं करून आणली. ब्याडगी मिरची रंगाला, संकेश्वरी तिखटाला, देठं आम्ही घरीच काढून नेलेली. मिरच्या भाजून देतात, खोबरं-तीळ-लसूण वेगळं कुटतात आणि डबा उघडला की अजून ठसका बसतोय, लई भारी काम! पण टोकन सकाळी ११ वाजताचं आणि नंबर लागला पावणेदोनला, बसायला एकच बाकडं, त्यावर पण कुणाची तरी पोती. शिंकत शिंकत आईला सांगितलं की ही मिरची मूळची अमेरिकेतली, पोर्तुगीजांच्या जहाजातनं इकडं आली, त्याआधी आपल्याकडं तिखटाला मिरी वापरायचे, आणि त्या मिरीपायीच वास्को द गामा १४९८ ला कालिकतला उतरला, मग १५१० ला पोर्तुगीजांनी गोवा घेतला आणि आपल्याच समुद्रात आपल्या व्यापाऱ्यांना त्यांचा परवाना काढायला लावला, कार्ताझ म्हणायचे त्याला, नसला तर जहाज जप्त. आई म्हणाली, "ते र्‍हाऊ दे, आपल्या मिरच्या बदलत न्हाईत न्हवं, बघ जा." बघितलं, नाही बदलल्या. मीठ मात्र जरा जास्त पडलंय. ४ स्टार.