ग्लेन आणि श्मिट: अंतराळातून सिनेटकडे

साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या काळ्या बेसाल्टावर, म्हणजे लाव्हा थंड होऊन बनलेल्या खडकावर, मुलांशी चंद्राविषयी बोलताना मला अमेरिकी अंतराळवीर जॉन ग्लेन यांच्यापेक्षा त्यांचेच देशबांधव हॅरिसन श्मिट जवळचे वाटतात. कारण डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो १७ मोहिमेतून चंद्रावर उतरलेल्या या भूवैज्ञानिकाने तिथला बेसाल्टच गोळा केला होता.

पुढे दोघेही सिनेटचे, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहाचे, सदस्य झाले; लोकप्रतिनिधी म्हणून मात्र ग्लेन निःसंशय सरस ठरतात. १९६२ मध्ये पृथ्वीला तीन प्रदक्षिणा घालूनही सिनेटची वाट त्यांना सहज मिळाली नाही: १९६४ साली दुखापतीमुळे माघार, १९७० साली पक्षांतर्गत निवडणुकीत पराभव, आणि १९७४ साली विजय मिळाल्यावर सलग २४ वर्षे ओहायो राज्याचे प्रतिनिधित्व. अण्वस्त्रप्रसाराला आळा घालणाऱ्या १९७८ च्या कायद्यामागेही तेच होते. श्मिट न्यू मेक्सिकोतून एकदाच निवडून आले आणि १९८२ मध्ये हरले.