प्ले स्कूल की पालकांची बालवाडी? आधी घरातला वेळ मोजा

माझ्या नणंदेची लेक नोव्हेंबरात तीन वर्षांची झाली आणि घरात एकच विषय सुरू झाला. तिला नागपूरच्या मनीष नगरातल्या घराजवळच्या प्ले स्कूलमध्ये घालायचं, की आमच्या पालकांनी मिळून चालवलेल्या बालवाडीत? माझा मोठा मुलगा प्ले स्कूलमध्ये होता, धाकटी या बालवाडीत जाते. दोन्हीकडची फी भरली आहे, दोन्हीकडच्या दारात चपला काढून उभी राहिले आहे. नणंदेला फोनवर जे तुकड्यातुकड्यांत सांगितलं, ते इथे सलग मांडते.

बालवाडी म्हणजे काय ते आधी सांगते, कारण अशा बालवाडीला ‘सहकारी’ म्हटलं की आपल्याकडे लोकांना साखर कारखाना आठवतो. आमची सोळा घरं आहेत. एक शिकवणारी ताई आणि एक मदतनीस या दोघी पगारी. बाकी सगळं पालकांचं. रोज एक पालक ड्यूटीला असतो. म्हणजे सोळा घरांत एका घराची पाळी साधारण तीन आठवड्यांनी येते. एका ड्यूटीला साडेतीन तास जातात. महिन्याची बैठक दोन तासांची, पण ती वेळेवर कधी संपत नाही. शिवाय प्रत्येक घराकडे एक कायमचं काम असतं: कोणाकडे हिशेब, कोणाकडे खाऊचं सामान, कोणाकडे कूलर. आपल्या विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, तेव्हाही नागपूरचं ऊन पुरतं गेलेलं नसतं. कूलरचं गवत बदललेलं नसलं तर पहिल्याच आठवड्यात मुलं चिडचिडी होतात. सगळं धरून महिन्याचे नऊ-दहा तास पकडा.

प्ले स्कूलमध्ये तुमचा सहभाग गेटपर्यंत. मूल हातात द्यायचं, बारा वाजता हातात घ्यायचं. मधल्या वेळाचे फोटो ग्रुपवर येतात. दोन-तीन महिन्यांनी पालकसभा, जानेवारीत गॅदरिंग. नोकरी करणाऱ्या आईबापांना यात मोठा दिलासा आहे आणि तो मी कमी लेखणार नाही. बाई आजारी पडली तर दुसरी येते, व्हॅन घरापर्यंत येते, बऱ्याच ठिकाणी संध्याकाळपर्यंत पाळणाघर असतं. आमच्याकडे ताईला ताप आला की सकाळी सात वाजता सोळा फोन खणखणतात.

पण प्ले स्कूलमध्ये पालकांना काम नसतं, हे खरं नाही. ते काम रात्री येतं. मोठा साडेतीन वर्षांचा असताना त्याच्या शाळेने ट्रॅफिक सिग्नलचं मॉडेल मागितलं होतं. मुलगा साडेआठला झोपला. मी अकरापर्यंत पुठ्ठा कापत बसले. सकाळी तो ते मॉडेल असं धरून गेला, जणू कोणा दुसऱ्याची वस्तू. खरंच तर होती. तेवढाच वेळ मी त्याच्या वर्गात बसले असते, तर मला त्याच्याबद्दल काही कळलं असतं.

बालवाडीत ते कळतं. डिसेंबरात ताईने टोपलीत आंबिया बहाराची संत्री ठेवली होती. एक मुलगी एकच संत्रं घेऊन कोपऱ्यात बसली. सालीला नख लागेना. तिने दात लावले, आंबट-कडू लागलं, तोंड वाकडं केलं, पुन्हा नख लावलं. माझा हात दोनदा पुढे गेला. ताईने दुरूनच मान हलवली, तशी मी हात मागे बांधून उभी राहिले. अठरा-वीस मिनिटांनी साल निघाली, पाऊण इंचाच्या तुकड्यांत. मग तिने एक फोड माझ्या हातावर ठेवली. घरी मी माझ्या लेकीला संत्रं नेहमी सोलूनच देत होते. त्या दिवसापासून देत नाही.

याची दुसरी बाजूही ऐका. तुमच्या ड्यूटीच्या दिवशी तुमचंच मूल सगळ्यात जास्त त्रास देतं. पहिले दोन महिने माझी लेक माझी ओढणी सोडायची नाही. दुसरं मूल मांडीवर बसलं की रडून वर्ग डोक्यावर घ्यायची. बरेच पालक इथेच खचतात. दिवाळीपर्यंत हे निवळतं, पण तोपर्यंत दम धरावा लागतो.

पैशांचं गणितही समजून घ्या, कारण पालक चालवतात म्हणजे स्वस्त, असं धरून येणारे निराश होतात. समजा भाडं, दोन पगार आणि सामान मिळून महिन्याला 40,000 रुपये लागतात. सोळा घरांत वाटले की प्रत्येकी 2,500. वर्षाच्या मध्यात बदली होऊन दोन घरं गेली, की उरलेल्या चौदांना 2,857. प्ले स्कूलची फी वर्षभर ठरलेली असते, वेगळे पैसे लागतात ते बहुधा वेशभूषा आणि सहलीला. आणि ताईच्या पगारात काटकसर करून फी कमी ठेवणारी बालवाडी असेल, तर तिथे जाऊ नका. ताई टिकली तरच बालवाडी टिकते.

नोंदणी विचारा. अशा बहुतेक बालवाड्या सहकारी कायद्याखाली नसतात. संस्था नोंदवायला किमान सात सभासद लागतात आणि महाराष्ट्रात तिची नोंद धर्मादाय आयुक्तांकडेही होते. बँक खात्यावर दोन सह्या आहेत का आणि मागच्या वर्षाचे तपासलेले हिशेब पाहायला मिळतील का, एवढं विचारलं तरी बरंच कळतं.

सुरक्षिततेबाबत मी बालवाडीला जास्त कडक प्रश्न विचारते. तिथे रोज वेगळा मोठा माणूस वर्गात असतो. आमचा नियम असा: ड्यूटीवरचा पालक दुसऱ्याच्या मुलाबरोबर कधीही एकटा राहणार नाही आणि शी-शूला ताई किंवा मदतनीसच नेणार. हा नियम लिहून भिंतीवर नसेल, तर लोक कितीही चांगले असोत, प्रवेश घेऊ नका. प्ले स्कूलमध्ये व्हॅनवाल्याची पोलीस पडताळणी झाली आहे का आणि व्हॅनमध्ये बाई असते का, हे विचारा.

सासूबाईंनी विचारलं, ‘अशा घरगुती शाळेतून पुढे पहिलीत घेतील का?’ घेतात. पहिलीचा प्रवेश वयावर होतो आणि 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची मुलाखत घ्यायला बंदी आहे. नव्या शैक्षणिक धोरणात तीन ते आठ हा एकच पायाभूत टप्पा धरला आहे, त्यामुळे तिसऱ्या वर्षी पेन्सिल धरून ओळी गिरवण्याची घाई कोणीच करायला नको. ही कल्पना नवी किंवा घरगुतीही नाही. शिकागो विद्यापीठातल्या प्राध्यापकांच्या बायकांनी 1916 मध्ये अशी बालवाडी उभी केली. इटलीत रेज्जो एमिलियाजवळच्या एका गावात 1945 मध्ये लोकांनी युद्धात मागे राहिलेला रणगाडा, ट्रक आणि घोडे विकून मुलांसाठी शाळा बांधली. त्याच वर्षी आपल्याकडे बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक पालघरकडच्या बोर्डी गावाला गेल्या. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, हे त्यांनी आणि अनुताई वाघांनी तिथे करून दाखवलं.

अंगणवाडीचाही विचार करा, नुसतंच नाव घेऊन बाजूला ठेवू नका. 1975 पासून चालत आलेल्या या योजनेत तीन ते सहा वर्षांच्या मुलांना शिक्षणाबरोबर पूरक आहार मिळतो, वजन-उंचीची नोंद होते, खर्च काही नाही. चांगली अंगणवाडी सेविका घरोघरचं मूल ओळखते. वस्तीतली अंगणवाडी नीट चालत असेल, तर मी ती साध्या प्ले स्कूलच्या वर ठेवेन.

पण निर्णय माझ्या मते एका कागदावर होतो, तो म्हणजे ड्यूटीचा तक्ता. बालवाडी पाहायला जाल तेव्हा मागच्या तीन महिन्यांचा तक्ता मागा आणि त्यात बाबा किती ते मोजा. आम्ही सुरुवात केली तेव्हा सोळा नावांत चौदा आयांची होती. ‘पालकांचा सहभाग’ म्हणत आम्ही प्रत्यक्षात आयांचा वेळ वाटून घेत होतो. दोघी नोकरी सोडायच्या बेतात आल्या, तेव्हा बैठकीत हे बोललं गेलं. भांडण झालं, एक घर सोडून गेलं. आता नियम आहे: वर्षातल्या निम्म्या ड्यूट्या बाबांनी, नाहीतर आजी-आजोबांनी करायच्या. आजोबांची ड्यूटी असली की मुलं दारातच उभी असतात.

म्हणून नणंदेला म्हटलं, बालवाडी चांगली की प्ले स्कूल, हे मला विचारू नकोस. महिन्याचे हे दहा तास तुमच्या घरात कोणाचे जाणार, ते दोघं बसून लिहा. सगळे तुझ्याच नावावर आले, तर डोळे झाकून प्ले स्कूल घे. संध्याकाळी सहाला थकलेल्या आईपेक्षा ताजीतवानी आई लेकीला बरी. वाटून आले, तर बालवाडीत या.

त्यांनी कागद लिहिला. नवऱ्याची साप्ताहिक सुट्टी बुधवारी असते. शाळा उघडल्यावरचा पहिला बुधवार त्याने मागून घेतला आहे आणि कूलरही त्याच्याकडेच आला आहे.