गोळ्या कापायचा कटर: तीन स्टार, आणि दोन का कापले ते सांगते

हा रिव्ह्यू त्या प्लास्टिकच्या छोट्या डबीचा आहे. झाकणाला आतून ब्लेड असतं, गोळी खाचेत ठेवायची, झाकण दाबायचं, झाले दोन तुकडे. बाकीच्यांचे रिव्ह्यू वाचले तर बहुतेकांनी बीपीच्या नाहीतर थायरॉइडच्या गोळ्यांसाठी घेतलाय. मी घेतला एसिटालोप्राम ही डिप्रेशनची गोळी कमी करायला. सात वर्षं झाली, रोज रात्री दहा मिलिग्रॅम.

आता आधीचं सांगते कारण त्याशिवाय तीन स्टार कळणार नाहीत. मागच्या वर्षी मी शहाणपणा केला, बरं वाटतंय, झोप नीट लागतेय, मग गोळी कशाला, म्हणून पाकीट ड्रॉवरमध्ये टाकलं आणि कुणाला सांगितलंच नाही. दोन दिवस काहीच झालं नाही, मी खूश. चौथ्या दिवशी जिना उतरताना नुसते डोळे उजवीकडे फिरवले तर डोक्यात झ्झप्प करून करंट गेला. दुखत नाही हां, पण मधला अर्धा सेकंद कुणीतरी कापून टाकल्यासारखं वाटतं. मग चक्कर, रात्री भयानक स्वच्छ दिसणारी स्वप्नं, आणि चिडचिड इतकी की बहीण म्हणाली, "ताई, तू बोलतेयस की भांडतेयस?" मला वाटलं झालं, डिप्रेशन परत आलं, आता जन्मभर गोळी.

डॉक्टरांकडे गेले तर मॅडम ओरडल्या नाहीत (मी ओरडा खायच्या तयारीनेच गेलेले). त्यांनी विचारलं कधी सुरू झालं, डोक्यात झटके येतायत का. म्हणाल्या, अचानक सोडल्याचा त्रास बहुधा काही दिवसांतच चालू होतो, त्यात असले शारीरिक प्रकार असतात आणि गोळी परत घेतली की लवकर ओसरतो. आजार परत येतो तो सहसा सावकाश, काही आठवड्यांनी महिन्यांनी, आणि त्यात असले झटके नसतात. काहींचा सोडतानाचा त्रासही महिनोन्‌महिने रेंगाळतो, तेव्हा ओळखणं अवघड जातं, हेही त्यांनीच सांगितलं. मी परत दहा चालू केली आणि तीन दिवसांत झटके गेले.

मग खरा प्रश्न, सोडायची का. ब्रिटनमधला अँटलर नावाचा अभ्यास आहे, २०२१ मध्ये छापून आला, त्यात बरी वाटणारी आणि गोळी सोडायचा विचार करणारी ४७८ माणसं घेतली, काहींची गोळी चालू ठेवली, काहींची कमी करत करत बंद केली. वर्षभरात चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना डिप्रेशन परत आलं, बंद केलेल्यांपैकी ५६ टक्क्यांना. नवऱ्याने ५६ धरले. मी म्हणलं अरे म्हणजे सोडूनही ४४ टक्के ठीक राहिले ना! दोन संध्याकाळी यावरच गेल्या. मॅडमनी मात्र आकडे बाजूला ठेवून विचारलं की आजवर किती वेळा झालंय (दोनदा), दुसऱ्या वेळी किती खाली गेलेलात, आणि येते सहा महिने घरात ऑफिसात काही मोठी उलथापालथ आहे का. या तिसऱ्या प्रश्नाचा मी विचारच केला नव्हता. शेवटी ठरलं की कमी करून तर बघू, बंदचं नंतर.

आता कटर. दहाच्या पाच करताना एक नंबर, कारण माझ्या गोळीवर मधे रेघ आहे, ब्लेड बरोबर तिथे बसतं. काही आठवडे पाचवर काढले, फार काही जाणवलं नाही. गंमत पुढे आहे. वरचा डोस अर्धा केला तरी मेंदूवरचा परिणाम थोडाच उतरतो आणि खालच्या एक-दोन मिलिग्रॅमला धाडकन उतरतो, म्हणून शेवटी शेवटी अगदी बारीक पायऱ्या घ्यायच्या असतात. आणि नेमकं तिथेच हा कटर हात वर करतो. अर्ध्याचा पाव करायला गेलं की एक तुकडा मोठा, एक नखाएवढा, बाकी खाचेत पांढरी पावडर. एक दिवस तीन, एक दिवस दोन असं पोटात गेलं असेल, आणि त्या आठवड्यात झटके परत डोकावले. मॅडमनी आता ड्रॉप्स लिहून दिलेत, त्यात थेंब मोजता येतात.

अजून एक, सगळ्या गोळ्या कापायच्या नसतात. व्हेनलाफॅक्सिन (हेही डिप्रेशनचंच औषध) सारख्या हळूहळू सुटणाऱ्या कॅप्सूल कापायच्या, कुटायच्या, चावायच्या नाहीत, सगळा डोस एकदम सुटू शकतो. आणि क्लोनाझेपाम (घबराटीवर, फिटवर देतात ती) नाहीतर लिथियम (मूडच्या टोकाच्या चढउतारांवर देतात ती) घेत असाल तर माझा रिव्ह्यू वाचून काहीही करू नका, पहिलीत अचानक थांबल्याने फिट येऊ शकते, दुसरीत मॅनिया, म्हणजे मूड बेफाम वर जाणं, उसळू शकतो. आधी डॉक्टर, मग कटर.

एक स्टार ब्लेडसाठी कापला, दोन महिन्यांत बोथट. दुसरा तुकडे ठेवायच्या कप्प्यासाठी, त्याचं झाकण पर्समध्ये उघडलं आणि अख्ख्या आठवड्याचे अर्धे तुकडे किल्ल्यांमध्ये सांडले. सध्या अडीचवर आहे. पुढची पायरी कधी ते माझं ठरलेलं नाही, मॅडमना घाई नाही, आणि नवरा रोज रात्री मुकाट्याने थेंब मोजताना बघत बसतो.