करवंटीचा कोळसा: रंगाच्या सांडपाण्यासाठी घ्यावा का?

गोव्यातल्या डिचोली औद्योगिक वसाहतीत आमचा कपडे रंगवण्याचा छोटा कारखाना आहे. सांडपाण्याच्या शेवटच्या टप्प्याला आम्ही नारळाच्या करवंटीपासून केलेला सक्रिय कोळसा वापरतो. २५ किलोची गोणी, दाणे ८ × ३० मेशचे (मेश म्हणजे चाळणीच्या एका इंचातली भोकं).

माल चांगला आहे. दाणे कडक, उलटं पाणी सोडून धुतले तरी भुगा होत नाही. आपल्याकडे करट्या न्हाणीच्या चुलीत जातात. त्याच हवा कोंडून जाळल्या आणि ८०० ते १००० अंशांवर त्यांतून वाफ सोडली, की एका ग्रॅममध्ये हजार चौरस मीटरच्या आसपास पृष्ठभाग तयार होतो. वास, फिनॉलसारखी रसायनं, पाण्यात उरलेली फिकट झाक, सगळं तिथे चिकटतं.

रंगकामवाल्यांनी मात्र आयोडीन नंबरवर, म्हणजे कोळसा किती आयोडीन शोषतो त्या आकड्यावर, भुलू नये. तो बारीक छिद्रांचा हिशेब. रिॲक्टिव्ह (धाग्याशी रासायनिक बंध जोडणाऱ्या) रंगांचे रेणू मोठे, त्यांतले बरेच त्या छिद्रांत शिरतच नाहीत. त्याहून मोठ्या छिद्रांचा अंदाज देणारा मिथिलीन ब्ल्यू नंबरही विचारा, आणि आपलंच पाणी बरणीत घेऊन चाचणी करा. गडद पाणी थेट सोडलंत तर कोळसा बघता बघता संपेल. आधी चुना आणि फेरस सल्फेट घालून गाळ बसवा, वाळूतून गाळा, मग इथे आणा. मीठ यात अडकत नाही, तेव्हा टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) उतरेल ही आशा धरू नका. सीओडी (पाण्यातल्या घाणीच्या रासायनिक ऑक्सिडीकरणाला लागणारा ऑक्सिजन) मात्र उतरतो; नदीनाल्यात सोडायच्या पाण्याला त्याची सर्वसाधारण मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे आणि आमचं पाणी त्याखाली राहतं. इथलं पाणी शेवटी मांडवीला मिळतं, म्हणून हा आकडा मी स्वतः बघते.

काजूची टरफलं फुकट मिळतात, तीच टाकू का, असं शेजारच्या कारखानदाराने विचारलं. कच्ची मुळीच नको! त्यांतलं तेल फिनॉल जातीचं, ते उलट पाण्यात उतरेल. काथ्याचा भुसाही न धुता घातला तर पाणी तांबूस होतं.

दगडी कोळशापेक्षा हा महाग पडतो, तरी टिकाऊपणामुळे मला परवडला. तक्रार एकच: संपलेला कोळसा परत न्यायला आमच्या पुरवठादाराने नकार दिला. रंग आणि रसायनं शोषलेला तो माल ओहोळाकाठी ओतता येत नाही, आणि विल्हेवाटीचा खर्च आमच्यावर पडला. पाचांपैकी चार तारे. संपलेला कोळसा परत घेणार का, हे पैसे देण्याआधी लिहून घ्या.