डग्ग्यासाठी केलेला खटाटोप: घरच्या खोलीत आठ महिने बेस ट्रॅप

आमची गाणं ऐकायची खोली ४.२ मीटर लांब, ३ मीटर रुंद. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला, घरोघरी असतो तसाच. एकल तबला लावला आणि डग्ग्याची मींड एका ठरावीक जागी आली, की अख्खी खोली घुमायची. पुढचे दोन बोल त्यात बुडालेच म्हणून समजा. स्पीकर विकायचं जवळजवळ ठरलं होतं.

त्याआधीचा मूर्खपणाही सांगून टाकतो. भिंतीवर दीड इंची फोम चिकटवला. टाळीचा खणखणाट गेला, घुमणं तसंच. ४१ हर्ट्झची लाट आठ मीटरांहून लांब असते. तिला दीड इंच फोम म्हणजे हत्तीला मच्छरदाणी.

मग यूमिक-१ हा मापायचा माइक घेतला, मापनाचं सॉफ्टवेअर, रूम ईक्यू विझार्ड, फुकटच मिळतं. आलेखात ४१ आणि ८२ हर्ट्झवर दोन डोंगर दिसले. आवाजाचा वेग, सेकंदाला ३४३ मीटर, खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागा, ४१च येतात. खोलीच गात होती, स्पीकर बिचारे निर्दोष.

सोफा दोन फूट पुढे ओढला आणि ८२चा डोंगर जवळपास बसला. मागच्या भिंतीपासून लांबीच्या चौथाईवर त्या सुराचा दाब सगळ्यात कमी असतो, डोकं आता त्याच्या आसपास येतं. खर्च शून्य. मागे केर साठतो म्हणून घरात बोलणी खाल्ली, तेवढीच.

बेस ट्रॅप, म्हणजे खर्जाचं घुमणं शोषणारे जाड पॅनेल, त्यानंतर केले. रॉकवूलच्या, म्हणजे दगडी तंतूंच्या लोकरीच्या, ५० मिलिमीटरच्या दोन-दोन पाट्या पाइनच्या चौकटीत, वर मांजरपाट, चारही कोपऱ्यांत तिरके उभे, मागे पोकळी. सुताराच्या मजुरीसकट १४ हजार गेले. रॉकवूलला हात लावताना मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्या हव्यातच. मी बाह्या दुमडल्या आणि दोन दिवस खाजवत बसलो. ४१वर फरक जेमतेम एक डेसिबल! पण ८०च्या वर नाद लवकर विरतो. ‘धागे’तला धा आणि गे आता सुटे ऐकू येतात. माझे पैसे तिथेच वसूल झाले.

४१ शेवटी ईक्यूने, म्हणजे ठरावीक सूर कमी-जास्त करणाऱ्या इक्वलायझरने, सहा डेसिबल खाली आणला. रुंदीच्या मधोमध बसतो म्हणून ५७ला खड्डा आहे, तो सूर तिथे जवळपास ऐकूच येत नाही. तोही ईक्यूने भरायला गेलो. अ‍ॅम्प तापला, खड्डा हलला नाही. नाद सोडला.

पावसाळ्यात एका भिंतीला ओल आली आणि मांजरपाटाला कुबट वास. चौकट उन्हात टाकली, आता ती भिंतीपासून आणि फरशीपासून दोन बोटं सुटी असते.

खालच्या मजल्यावरच्या काकूंना मी उत्साहाने सांगून बसलो होतो, आता तुम्हाला त्रास नाही. ट्रॅप खोलीतलं घुमणं आवरतात, स्लॅबमधून खाली जाणारा आवाज अडवत नाहीत, हे त्यांनीच दुसऱ्या दिवशी जिन्यात ऐकवलं. रात्री दहानंतर हेडफोन.