फाइंड-सीपी की आरसिंक? लग्नाचे फोटो हलवताना काय धरायचं

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या फोटो स्टुडिओत लग्नसराईत रोज कॅमेऱ्याची मेमरी कार्डं रिकामी होतात. हळद, अक्षता, वरात असे वेगळे फोल्डर, त्यात कॅमेरे दोन. यातले हवे तेवढेच फोटो शोधून पेनड्राइव्हवर द्यायचे तर लिनक्सच्या टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, दोन रस्ते आहेत: फाइंडला (फाइली शोधणारी आज्ञा) सीपी (कॉपी करणारी आज्ञा) जोडायचं, नाहीतर आरसिंक (दोन ठिकाणं ताडून राहिलेल्या फाइली नेणारी आज्ञा) चालवायचं. काम एकदाचं असेल तर पहिला, रोजचं असेल तर डोळे झाकून दुसरा.

शोधण्यात फाइंडला तोड नाही. कालपासून बदललेल्या, २० एमबीहून मोठ्या, नावाच्या शेवटी एनईएफ (निकॉन कॅमेऱ्याच्या कच्च्या फोटोंची खूण) असलेल्या फाइली, या सगळ्या अटी एका ओळीत बसतात. लोकेट ही शोधायची दुसरी आज्ञा झटपट उत्तर देते, पण ती आधी करून ठेवलेल्या यादीत बघते. सकाळी उतरवलेलं कार्ड दुपारी तिथं दिसेलच असं नाही.

घोळ होतो तो कॉपी करताना. सापडलेल्या फाइलींवर दुसरी आज्ञा चालवायला फाइंडला -एक्झेक जोडतात; त्याच्या शेवटी अर्धविराम दिला की दर फाइलमागे सीपी नव्यानं चालतं. आमच्या हळदीच्या फोल्डरात डीएससी_०४१२ होता, दुसऱ्या कॅमेऱ्यामुळं वरातीतही तोच नंबर. सगळं एकाच फोल्डरात ओतलं आणि सीपीनं चकार शब्द न काढता एकावर दुसरा लिहिला. नवरीच्या आईनं विचारलं, "हळदीचं फोटो एवढंच?" तेव्हा कळलं. मूळ फोटो डिस्कवर होते म्हणून निभावलं. अर्धविरामाऐवजी अधिकचं चिन्ह आणि सीपीला -टी (कुठल्या फोल्डरात टाकायचं ते आधीच सांगणारा पर्याय) दिलं की फाइली गठ्ठ्यानं जातात, वेळ वाचतो. एकाच गठ्ठ्यात सारखं नाव आलं तर सीपी नकार देतं, तसं सांगतंही, पण तो फोटो मागंच राहतो. म्हणून --पेरेंट्स लावाच. फोल्डरसकट कॉपी होते.

-एक्झेकऐवजी एक्सआर्ग्ज (सापडलेली नावं दुसऱ्या आज्ञेला पुरवणारी आज्ञा) वापरणार असाल तर फाइंडला -प्रिंट० आणि एक्सआर्ग्जला -० द्या. नाहीतर नावात मोकळी जागा आली की एका फाइलचे दोन तुकडे धरले जातात.

आरसिंकमध्ये निवडीचे नियम लिहिणं किचकट आहे, हे खरं. पण पावसाळ्यात मधेच लाइट गेली की त्याची किंमत कळते. सीपीची अर्धवट फाइल मूळ नावानंच पडून राहते, आणि पुन्हा -एन (असलेल्या फाइलीवर लिहू नको) लावून सीपी चालवलं तर ती 'आहे' म्हणून सोडली जाते. आरसिंक आधी तात्पुरत्या नावानं लिहितं, पूर्ण झाल्यावरच खरं नाव देतं. पुन्हा चालवलं की आकार आणि वेळ ताडून राहिलेल्याच फाइली नेतं. २०१९ च्या महापुरानंतर आम्ही एक डिस्क गडहिंग्लजला पाहुण्यांकडे ठेवतो. ती आली की आरसिंकच.

फक्त फॅट३२ या जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर आरसिंकला --मॉडिफाय-विंडो=१ (वेळेतला एका सेकंदाचा फरक सोडून दे) द्यायला विसरू नका. तिथं वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यानं नोंदली जाते, त्यामुळं गेलेले फोटोही आरसिंक पुन्हा ओढत बसतं.