बँकेची नोकरी की सीनिअरकडे ज्युनिअरशिप?

सनद (वकिलीचा परवाना) नुकतीच हाती आलेल्या कोल्हापूरच्या वकिलाला सहकारी बँकेत विधी अधिकाऱ्याची जागा चालून आली, तर पहिल्या महिन्यापासून ठरलेला पगार ही तिची मोठीच जमेची बाजू ठरते; सर्च रिपोर्ट (मालमत्तेच्या मालकीची कागदोपत्री तपासणी), गहाणखते आणि वसुलीची प्रकरणे एवढ्यात काम बहुतेक मावते. मात्र पूर्णवेळ पगारी नोकरी धरल्यास बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे वकिली थांबवावी लागते, हे रुजू होण्यापूर्वीच लक्षात घ्यावे.

ज्युनिअरशिपमध्ये, म्हणजे अनुभवी वकिलाच्या हाताखाली काम शिकताना, सुरुवातीचा मोबदला पेट्रोललाही पुरेल याची खात्री नसते. तरीही कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात पुकारा होताच मुदतीचा अर्ज घेऊन उभे राहणे आणि आपण रात्री जागून लिहिलेली कैफियत (दाव्याला प्रतिवादीचे लेखी उत्तर) सीनिअरच्या लाल शाईने भरून परत येणे, हे शिक्षण बँकेच्या टेबलावर मिळत नाही. त्यातच १८ ऑगस्ट २०२५ पासून येथे मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (मुख्य ठिकाणाबाहेर बसणारे खंडपीठ) सुरू झाल्याने सहा जिल्ह्यांची प्रकरणे कोल्हापुरात चालतात. शिवाय कनिष्ठ न्यायाधीशपदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये पुन्हा लागू केली. म्हणून माझा कौल ज्युनिअरशिपला आहे. घरी कर्जाचे हप्ते थकले असतील, तर मात्र बँक घ्यावी आणि सनद रीतसर स्थगित करून ठेवावी.